ओलीचा उगम सापडेपर्यंत भिंतीला हात लावू नका

प्रश्न : आमच्या झोपण्याच्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे. गेली ३ वर्षे या भिंतीला जमिनीपासून साधारण अडीच फुटांपर्यंत ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खाली फरशीवर पांढरी भुकटी पडते. आम्ही दोनदा भिंत खरवडून, पुट्टी भरून रंग दिला, पण दोन्ही वेळा सात-आठ महिन्यांत पूर्वीचीच स्थिती झाली. याच भिंतीवर पलंगाशेजारचा स्विचबोर्ड आहे. रंगारी म्हणतो की आतून जलरोधक रंग लावला की काम होईल, तर कंत्राटदार म्हणतो की संपूर्ण बाथरूम उखडल्याशिवाय इलाज नाही. बाथरूम २२ वर्षांचे जुने आहे. उखडायचेच असेल तर कमोडची जागा बदलून, मोठ्या टाइल्स लावून ते नव्यानेच करून घ्यावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक वाचक

उत्तर : तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले एकमेकांच्या उलट असले, तरी एका बाबतीत ते सारखे आहेत, पाणी नेमके कोठून येते, हे दोघांपैकी कोणीही पाहिलेले नाही. रंगाऱ्याने रंग सुचवला, तोडफोडीचे काम घेणाऱ्याने तोडफोड सुचवली. यात त्यांचा लबाडीचा हेतू असेलच असे मी म्हणत नाही. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला तेच काम दिसते. माझा सल्ला असा की पुढचे दोन आठवडे कोणालाही पैसे न देता घरच्या घरी काही तपासण्या कराव्यात, आणि उखडायचे की नाही, उखडायचे तर किती, हे त्यांच्या निष्कर्षांवरून ठरवावे. बाथरूम नव्याने करण्याचा विषय त्यानंतरचा आहे.

त्याआधी एक गोष्ट आजच करा. ओल्या भिंतीवरील स्विचबोर्डाचा पुरवठा मुख्य फळीवरून बंद करा आणि भिंत पूर्ण कोरडी होऊन वायरमनने तपासेपर्यंत तो सुरू करू नका. बोर्ड ओलीच्या रेषेच्या वर असला, तरी त्याच्याकडे जाणारा वायरिंगचा पाइप खालून, ओल्या भागातून आलेला असू शकतो.

आता त्या पांढऱ्या भुकटीविषयी. जुनी माणसे ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात, तोच हा प्रकार. विटांमध्ये, वाळूत आणि सिमेंटमध्ये काही क्षार असतातच. भिंतीतून फिरणारे पाणी ते विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. हे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढतात, तेव्हा ते रंगाला आतून ढकलतात. पापुद्रे सुटतात ते यामुळे. भिंतीच्या आत पाणी असताना खोलीच्या बाजूने जलरोधक रंग लावला, तर पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते, पण पाणी यायचे थांबत नाही. मग ते अधिक वर चढते, शेजारच्या भिंतीकडे वळते, किंवा रंगाचा आख्खा थरच फुग्यासारखा भिंतीपासून सुटतो. तुमचा रंग दोनदा गेला, त्यात रंगाचा किंवा रंगाऱ्याच्या हाताचा दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते.

पत्रात एक महत्त्वाची माहिती राहून गेली आहे : ओल वर्षभर सारखीच असते की कमीजास्त होते? सतत दाबाखाली असणाऱ्या पाइपातून पाणी गळत असेल, तर ओल रात्रंदिवस, बारा महिने सारखी राहते. सांडपाण्याच्या वाटेत किंवा फरशीच्या सांध्यांत दोष असेल, तर ती बाथरूमच्या वापराबरोबर वाढते. घर आठवडाभर बंद राहिले, तर परत आल्यावर भिंत थोडी सुकलेली दिसते. केवळ पावसाच्या दिवसांत ओल येत असेल, तर बाथरूमला दोष देण्याआधी बाहेरच्या भिंतीवरील भेगा आणि खिडकीखालचा भाग पाहावा लागतो. आणि घर तळमजल्यावर असेल, तर घराच्या पायातून केशाकर्षणाने, म्हणजे विटांच्या बारीक छिद्रांतून आपोआप ओढली जाऊन, वर चढणारी ओलही असू शकते. तीही साधारण मीटरभर उंचीपर्यंतच चढते, त्यामुळे तुमचे अडीच फूट तिच्याशी जुळतात. परंतु अशी ओल सहसा पायावर उभ्या असलेल्या एकापेक्षा अधिक भिंतींवर दिसते. तुमच्याकडे ती एकाच, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आहे, म्हणून माझा पहिला संशय बाथरूमवरच आहे.

तपासणीची सुरुवात पेन्सिलीने करा. ओल जिथे संपते त्या कडेने भिंतीवर एक रेषा काढा आणि तिच्याशेजारी तारीख लिहा. दर तीन-चार दिवसांनी कड सरकली असेल, तर नवी रेषा काढा. हे काम क्षुल्लक वाटेल, पण ओल वाढते आहे की भिंत सुकते आहे, याचा एवढा स्वस्त आणि खरा पुरावा दुसरा नाही.

त्यानंतर पाण्याच्या मीटरची तपासणी. रात्री झोपण्यापूर्वी घरातील सर्व नळ बंद करा, कमोडच्या टाकीला पाणी देणारा कोपऱ्यातला व्हॉल्व्हही बंद करा, कारण ही टाकी रात्रभर थेंब थेंब गळत असू शकते आणि निष्कर्ष बिघडवते. मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी, कोणीही नळ उघडण्यापूर्वी, पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल, तर दाबाच्या पाइपात गळती आहे. मीटर नसेल, तर घराला पाणी पुरवणाऱ्या टाकीतील पातळीवर खूण करून हेच करता येते, मात्र त्या रात्री टाकीत नवे पाणी येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. आकडा सरकला, तर दुसऱ्या रात्री गीझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून तपासणी पुन्हा करा. गळती थांबली तर दोष गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनमध्ये आहे, न थांबली तर थंड पाण्याच्या. अशा गळतीची खात्री प्लंबरकडून करून घेता येते : तो लाइनची सर्व टोके बंद करून हातपंपाने रोजच्या दाबाच्या सुमारे दीडपट दाब देतो आणि काटा खाली येतो का ते पाहतो.

येथे माझ्याच घरातील एक प्रसंग सांगतो. आमच्याही भिंतीला गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओल आली होती आणि मी शहाणपणाने बाथरूमच्या ३ फरश्या काढायला लावल्या. खाली सर्व कोरडे ठणठणीत होते. शेवटी दाबाच्या तपासणीत दोष सापडला तो खांद्याच्या उंचीवर, एका तसबिरीच्या खिळ्यापाशी. काही वर्षांपूर्वी ठोकलेला तो खिळा भिंतीतील पाइपात घुसला होता. ठोकला त्या दिवशी पाणी आले नाही, कारण पडलेले भोक खिळ्यानेच बुजवून ठेवले होते. पुढे खिळा गंजत गेला आणि पाणी पाइपासाठी भिंतीत काढलेल्या खाचेतून मुकाट्याने खाली उतरत राहिले. ओल दिसली ती जिथे खाच संपत होती तिथे. तेव्हापासून डागाच्या जागेवरून उगम ठरवण्याची सवय मी सोडली आहे, आणि कोणी ‘इथेच गळतंय’ असे भिंतीवर टिचकी मारून सांगितले की मला ते ३ मोकळे खड्डे आठवतात.

मीटर जागचा हलला नाही, तर फरशीची तपासणी करावी. फडके गुंडाळून भरलेली पॉलिथिनची पिशवी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून जाते त्या जाळीखालच्या भोकात, घट्ट बसवा आणि फरशीवर साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाणी साठवा. उंबऱ्याची उंची त्याहून कमी असेल, तर तेवढेच कमी पाणी घ्या. एवढ्या पाण्याचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो होते, त्यामुळे सुस्थितीतील स्लॅबला त्याची चिंता नाही. पण खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल, तर त्यांना आधी कल्पना द्या आणि त्यांच्या छताकडेही लक्ष ठेवायला सांगा. पाण्याच्या कडेला टाइलवर पेन्सिलीची खूण करा आणि शेजारी एका पसरट परातीत तेवढ्याच खोलीचे पाणी भरून ठेवा. २४ तासांनी दोन्हीकडची घट मोजा. परातीतील पाणी जेवढे उतरले तेवढे बाष्पीभवनाचे. फरशीवरील पाणी त्याहून स्पष्टपणे जास्त उतरले असेल, तर उरलेले खाली किंवा भिंतीत गेले. पाण्यात थोडा रंग मिसळला, तर ते कोठून बाहेर पडते हेही कधीकधी दिसते.

पाणी उतरले, तर आणखी एक बारकावा पाहा. नहाणी ट्रॅपच्या कडेला, जिथे टाइल आणि ट्रॅपची कॉलर एकमेकांना भेटतात, तिथला सांधा बोटाने चाचपा. तिथे सिमेंट भुसभुशीत झालेले असेल किंवा पातळ पाते आत जात असेल, तर मुख्य आरोपी बहुधा तोच. माझ्या पाहण्यात तरी जुन्या बाथरूममध्ये सर्वाधिक पाणी या तळहाताएवढ्या जागेतून गेलेले आहे, आणि बाथरूम करताना सर्वांत घाईने उरकली जाते तीही हीच जागा.

फरशीवरचे पाणी टिकले आणि मीटरही हलला नाही, तर शॉवरसमोरची भिंत उरते. फरशीची तपासणी संपल्यावर एक-दोन दिवस बाथरूम वापरू नका, मग हाताच्या शॉवरने फक्त त्या भिंतीवर अर्धा तास पाणी सोडा आणि खोलीतील पेन्सिलीच्या रेषेकडे पुढचे तीन-चार दिवस पाहत राहा. हवेतील दमटपणा थंड भिंतीवर साचतो आहे अशी शंका असल्यास, दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीच्या पुसून कोरड्या केलेल्या भागावर चारही कडांना चिकटपट्टीने बसवा. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले, तर दोष हवेचा; प्लास्टिकच्या मागे दिसले, तर भिंतीचा. तुमच्या बाबतीत ते मागेच दिसतील असा माझा अंदाज आहे.

आता निष्कर्षांप्रमाणे काय करायचे ते पाहू. गळती दाबाच्या पाइपात निघाली, तर बाथरूम उखडण्याचे काहीच कारण नाही. त्या लाइनपुरती भिंतीची पट्टी उघडली की काम भागते. मात्र पाइप लोखंडी असतील, तर एकच छिद्र बुजवून थांबू नका. २२ वर्षे जुना लोखंडी पाइप आतून गंजलेला असतो, एका जागी फुटला म्हणजे उरलेल्या जागांचीही पाळी येणार. अशा वेळी जुनी लाइन उपसून काढण्याच्या नादी न लागता, ती दोन्ही टोकांना कापून, बुच मारून भिंतीतच सोडावी आणि नवी लाइन वेगळ्या मार्गाने न्यावी. ट्रॅपची कॉलर आणि टाइल्सचे सांधे एवढ्यातच दोष असेल, तर जुने ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरणारे मिश्रण, पूर्ण खोलीपर्यंत खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणे आणि कोपऱ्यांतील सीलंट नव्याने लावणे हा उपाय करून पाहता येतो. पण मी याला तात्पुरता उपाय म्हणेन. ३ वर्षे पाणी मुरल्यावर टाइलखालचा थर भिजून राहिलेला असतो, आणि वरचे सांधे बंद झाले तरी तो साठा भिंतीकडे कित्येक महिने उतरत राहतो.

साठवलेले पाणी झपाट्याने उतरले, तर कंत्राटदाराचे म्हणणे मान्य करावे लागेल. मग फरशी स्लॅबपर्यंत काढायची, आणि या एकाच परिस्थितीत बाथरूम नव्याने करण्याचा घरच्यांचा विचार मला पटतो. तोडफोडीचा आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च दोनदा करण्यात अर्थ नाही.

कमोडची जागा मात्र बदलू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. मैल्याचा पाइप ११० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याला उतार द्यावाच लागतो. १:५० असा उतार धरला, तर कमोड २ मीटर सरकवल्यावर पाइपाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ४ सेंटिमीटर उंच ठेवावे लागते. त्यात पाइपाची स्वतःची जाडी आणि वरचे आच्छादन मिळवले, की फरशी १५ सेंटिमीटरांहून अधिक उचलावी लागते किंवा पाइप खालच्या छताला लटकवावा लागतो. पहिल्या प्रकारात बाथरूममध्ये चढून जावे लागते, दुसऱ्यात शेजाऱ्यांशी वाद होतो, आणि वाढलेले प्रत्येक वळण तुंबण्याची एक नवी जागा ठरते. जागेची अडचण असेल तर बेसिन सरकवा. त्याचा पाइप बारीक असतो आणि तो भिंतीतून नेता येतो.

मोठ्या टाइल्स भिंतीवर खुशाल लावा. फरशीवर मात्र त्यांचा मोह टाळावा, कारण फरशीला ट्रॅपकडे चारही बाजूंनी उतार असतो आणि मोठी टाइल त्या उतारांबरोबर वाकत नाही. मग गवंडी एक तर उतार कमी करतो, नाहीतर टाइल तिरपी कापतो. लहान टाइल्सना सांधे अधिक असतात, त्यामुळे पायाला पकडही चांगली मिळते. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवण्याचा स्वस्त पर्याय कोणी सुचवला, तर तुमच्या घरापुरते त्याला सरळ नाही म्हणा, कारण भिजलेला थर त्यात कायमचा बंदिस्त होईल.

कामाच्या क्रमाबाबत कंत्राटदाराशी आधीच बोलून घ्या आणि ते कागदावर घ्या. तोडफोडीनंतर पाइप बसतील, खाचा बुजवण्याआधी दाबाची तपासणी होईल. त्याच वेळी प्रत्येक भिंतीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना माझ्यासारखी वेळ येणार नाही. स्लॅबमधून खाली जाणाऱ्या पाइपांभोवतीची पोकळी आकुंचन न पावणाऱ्या मिश्रणाने भरावी, फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा काढावा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर काटकोनात चिरत नाही. हा थर दोन हातांत द्यावा, दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि दोन्हींमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. तो भिंतीवर किमान ३० सेंटिमीटर आणि शॉवरच्या जागी सहा फुटांपर्यंत चढवावा. तो वाळल्यावर, टाइल लावण्याआधी, ४८ तास पाणी साठवून पाहावे. या तपासणीला अनेक कंत्राटदार दोन दिवस वाया जातात म्हणून नाखूश असतात, पण तिच्यावर तडजोड करू नका. आणि हा थर दिल्यावर प्लंबरला छन्नी घेऊन आत येऊ देऊ नका. ‘फक्त एवढंच भोक’ म्हणत झालेला एक घाव सगळे काम फुकट घालवतो. उतार मीटरला १ ते १.५ सेंटिमीटर मिळाला आहे का, हे पाणसळ लावून तपासा. ट्रॅपपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतले की तेही कळते. टाइल्स बसल्यावर पाणी साठवण्याची तपासणी पुन्हा करावी आणि शेवटचा हप्ता तिच्यानंतरच द्यावा.

गळती कोणत्याही मार्गाने थांबली, तरी भिंतीला लगेच रंग देऊ नका. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंतचा गिलावा काढून टाका. बोटाच्या पेराने ठोकल्यावर जिथे बद्द आवाज येतो, तिथला तर काढाच. उघड्या विटांवरील लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात. मग भिंतीला वारा लागू द्या. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना असा सुकण्याचा ढोबळ हिशेब सांगितला जातो, त्यामुळे साडेचार इंची भिंतीलाही चार-पाच महिने लागू शकतात, विशेषतः तिची दुसरी बाजू टाइल्सनी झाकलेली असताना. तेवढे दिवस ती उघडी विटांची भिंत डोळ्यांना खुपेल. पलंग आणि कपाट तिच्यापासून दूर ठेवा, पंखा लावा, पण पडदा टाकून ती झाकू नका. त्यानंतर नवा गिलावा, त्यावर किमान ७ दिवस पाणी मारणे, आणि पुढे चार आठवडे वाळल्यावरच प्रायमर. रंग बाष्प बाहेर जाऊ देणारा, पाण्यात मिसळणारा निवडावा. ऑइलपेंट या भिंतीवर नको.

मीटर, फरशी आणि शॉवरची भिंत या तिन्ही तपासण्यांत बाथरूम निर्दोष ठरले आणि तुम्ही तळमजल्यावर राहत असाल, तर वर सांगितलेल्या केशाकर्षणाचा विचार करावा लागेल आणि त्यावरचे उपाय वेगळे आहेत. अशा वेळी पेन्सिलीच्या रेषांचा तारखांसह एक फोटो जोडून पुन्हा लिहा, आणि त्या भिंतीला लागून असलेल्या बाहेरच्या जमिनीची पातळी घरातल्या फरशीपेक्षा वर आहे की खाली, तेवढे त्यात आवर्जून कळवा.